परत येण्याचा पुरावा

परदेशी जायला निघालेला माणूस माझ्यासमोर बसला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "मला जाता येईल का?" खिडकीपलीकडे बसलेल्या व्हिसा अधिकाऱ्याला मात्र दुसराच प्रश्न पडलेला असतो, हा माणूस परत जाईल का? या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत बसून मी तीसेक वर्षं पोट भरलं.

कुंभकोणमच्या मोठ्या रस्त्यावर पितळी भांड्यांचं एक दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर माझं ऑफिस होतं. सुरुवात कोर्टासमोरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये झाली. लोक पासपोर्टचे अर्ज टाइप करून न्यायला येत, आणि टाइप करता करता विचारत, आता पुढं काय करायचं? पुढचं सांगता सांगता मी त्या धंद्यात शिरले. आता ऑफिस माझी भाची बघते. सगळं संगणकावर असतं, पण प्रश्न तेच दोन आहेत.

हे मराठीत लिहायचं धाडस माझं नाही. आम्ही पिढ्यान् पिढ्या तंजावरकडे राहिलेले मराठी लोक, आमची मराठी घरातली. उंबऱ्याबाहेर पाय पडला की तमिळ. देवळं बघायला आलेल्या एका संपादकबाई वाट चुकून ऑफिसात आल्या, कॉफी प्याल्या आणि म्हणाल्या, "सरोजाबाई, आमच्या दिवाळी अंकासाठी लिहा." मी म्हटलं, आमची भाषा तुम्हाला फार जुनी वाटेल. त्या म्हणाल्या, लिहा, मी नीट करून घेते. तेव्हा या लेखात काही नीट वाटलं तर ते त्यांचं काम आहे. माणसं बोलतात ती वाक्यं मात्र मी त्यांना बदलू दिलेली नाहीत.

व्हिसाचं काम म्हणजे अर्ज भरणं, असं लोकांना वाटतं. अर्ज कुणीही भरेल. खरं काम अर्जातला माणूस आणि समोर बसलेला माणूस एकच आहेत असं दिसेल इतपत कागद जमवण्याचं. आमच्या तमिळ मुलखात तर नावापासून घोळ असतो. इथं आडनाव नसतं, बापाच्या नावाचं पहिलं अक्षर आपल्या नावापुढं लावायचं, झालं. पासपोर्टात आडनावाचा रकाना असतो. एका रेशमी साड्यांच्या व्यापाऱ्यानं त्या रकान्यात वडिलांचं पूर्ण नाव घातलं. सिंगापुरात हॉटेलवाल्यापासून बसवाल्यापर्यंत जो तो त्याला वडिलांच्या नावानं हाक मारू लागला. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. परत आल्यावर तो मला म्हणाला, "अम्मा, या निमित्तानं माझ्या बापाचं सिंगापूर बघून झालं. बिचारा तंजावरच्या पुढं कधी गेला नव्हता."

नाचियारकोविलचा एक समया ओतणारा कारागीर होता. हातात पैसा खेळू लागल्यावर त्याला अमेरिका बघायची होती. मुलाखतीत त्याला विचारलं, तिकडे जाऊन काय करणार? तो म्हणाला, बघणार. काय बघणार? तो म्हणाला, "ते तिथं गेल्यावर कळेल." त्याला व्हिसा मिळाला नाही. मला त्याचा राग आला होता, कारण मी त्याला प्रेक्षणीय स्थळांची नावं पाठ करून घ्यायला सांगितली होती. पण घरी जाताना मी विचार केला, तो बोलला ते चुकीचं काय होतं? मुलाला भेटायला जातो, मुलीच्या बाळंतपणाला जातो, हे लोकांना पटतं. नुसतं बघायला जातो हे पटवून देणं फार अवघड. आणि ते एखाद्या बाईनं म्हटलं, तीही म्हातारी, तीही खेड्यातली, तर विचारूच नका.

अंबुबाईंची गोष्ट त्यासाठीच सांगायची आहे.

सुंदरपेरुमाळ कोयिल हे आमच्या जवळचं गाव. तिथं आमच्या मराठी लोकांपैकी एका कुटुंबाचा पानमळा आहे. पूर्वी म्हणे तंजावरच्या मराठी दरबाराकडून जमीन मिळाली होती. आता त्यातलं थोडं उरलंय. त्या मळ्यावर दोन जावा राहतात. थोरल्या अंबुबाई, धाकट्या यमुनाबाई. दोघींचे नवरे गेलेले. यमुनाबाईंचे दोन मुलगे, एक कोइम्बतूरला, एक चेन्नईला. अंबुबाईंना मूल नाही. घर दोघींचं, चूल एक, जमीन दोघींच्या नावावर. मळा बघायच्या अंबुबाई. यमुनाबाई घर बघायच्या आणि एकादशीला मरुदानल्लूरच्या भजनाला जायच्या. माझ्या आईची आणि अंबुबाईंची जुनी ओळख होती, त्यामुळं त्या ऑफिसात आल्या तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी लग्नाचं आमंत्रण घेऊन आल्या असतील.

अंबुबाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "सरोजा, सूर्य मावळत नाहीं असा एक देश आहे म्हणे. मज तेथें जायचें आहे."

मी यमुनाबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "हाव. खरेंच सांगतात. मी पिशवी धरायला जाणार."

पाचवीच्या भूगोलात अंबुबाईंनी ते वाचलं होतं. पृथ्वीच्या अगदी उत्तरेला उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. त्यांनी मास्तरांना विचारलं होतं, मग तिथली माणसं निजतात कधी? मास्तर म्हणाले, तुला कशाला, तुझं लग्न ठरलंय. त्याच वर्षी शाळा सुटली. लग्न झाल्यावर एकदा त्यांनी नवऱ्यापाशी विषय काढला. तो भला माणूस. म्हणाला, "आपल्याकडे सूर्य काय कमी आहे, आणखी तो कशाला?"

"मग इतकीं वर्षें बोलल्या नाहींत कां?" मी विचारलं.

"बोलून काय करणार होतें? आतां नव्या रस्त्यासाठीं जमिनीचा तुकडा गेला, सरकारनें पैसे दिले. मुलगे म्हणतात, बँकेंत ठेवा. ठेवले. पण ते पाहून मज तोच देश आठवतो."

चेन्नईची एक कंपनी त्या भागात सहली नेत असे. आनी महिन्यात, म्हणजे जून-जुलैत, आमच्याकडे कावेरीला पाणी सुटतं त्या सुमाराला. मी कागद जमवायला घेतले. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही, माझं त्यांच्याशी भांडण नाही.

शेतकऱ्याची फाइल सगळ्यांत अवघड. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, म्हणून कराचा कागद नाही. नोकरी नाही, म्हणून रजेचं पत्र नाही. बँकेत एकदम मोठी रक्कम आलेली दिसली की अधिकाऱ्याला वाटतं, ही दाखवण्यापुरती कुणाकडून तरी घेतली असेल. म्हणून जमीन गेल्याचा सरकारी कागद लावायचा, त्याचं भाषांतर लावायचं. सहलीच्या कंपनीतला मुलगा फोनवर म्हणाला, दोघींच्या व्यवसायापुढं गृहिणी लिहा, सोपं जातं. यमुनाबाई हो म्हणाल्या. अंबुबाई म्हणाल्या, "मी घरांत कधीं असतें? शेती लीह." मी शेती लिहिलं.

बोटांचे ठसे द्यायला त्यांना चेन्नईला न्यावं लागलं. यमुनाबाईंचे लगेच उमटले. अंबुबाईंचे काही केल्या उमटेनात. जन्मभर पानं खुडून आणि वेल बांधून बोटांच्या रेषा झिजल्या होत्या. काउंटरवरची मुलगी चांगली होती. तिनं ओल्या कापडानं त्यांची बोटं पुसली, पुन्हा काचेवर ठेवली, स्वतःच्या हातानं दाबून धरली. पडद्यावर नुसता करडा डाग दिसत राहिला. अंबुबाई आपल्या बोटांकडे बघत होत्या.

"माझी आहेत ना हीं?" त्या मला हळूच म्हणाल्या.

शेवटी यंत्रानं घेतले कसेबसे. ती मुलगी म्हणाली, "पाट्टी, घरी जाऊन हाताला खोबरेल लावा." पाट्टी म्हणजे आजी. अंबुबाईंना ते फार आवडलं. गाडीत बसल्यावर त्या दोनदा म्हणाल्या, मुलगी गुणी आहे.

पाकिटं माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर आली. मी निरोप धाडला, दोघी सकाळच्या बसनं आल्या. यमुनाबाईंच्या पासपोर्टात व्हिसा चिकटवलेला होता. अंबुबाईंच्या पासपोर्टात काही नव्हतं. सोबत एक छापील कागद होता, त्यात कारणांच्या ओळी होत्या आणि एका ओळीपुढं खूण केलेली होती.

"काय लिहिलें आहे?" अंबुबाईंनी विचारलं.

"तुम्हीं मुदतींत त्यांचा देश सोडून परत जाल याची त्यांना खात्री वाटत नाहीं."

"म्हणजे मी तेथेंच राहीन?"

"हाव."

त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "यमुनेची खात्री कशी पटली? एका घरांतल्या आम्हीं. एक जमीन, एक बँक."

मी कागद चाळत राहिले. तीस वर्षांच्या धंद्यात मला हे उत्तर माहीत झालं होतं, पण मी ते कुणाच्या तोंडावर सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं की मी म्हणत असे, ते कारण सांगत नाहीत, नशीब म्हणायचं.

"सरोजा, तुज ठाऊक आहे. सांग."

"अर्जांत मुलाबाळांविषयीं लिहावें लागतें, अक्का. घरीं कोण आहे, कोणासाठीं माणूस परत येईल, तें पाहतात. माझा अंदाज आहे हा. त्यांनीं कोठें लिहिलेलें नाहीं."

खाली दुकानात कुणीतरी हंडे रचत होतं. अंबुबाईंनी तो छापील कागद घेतला, इंग्रजी वाचता येत नसूनही वरपासून खालपर्यंत बघितला आणि घडी घातली.

"बारशांत, ओटीभरणांत ऐकलें तें पुरें होतें," त्या म्हणाल्या. "इतक्या लांबून कोणी सांगून पाठवील असें वाटलें नव्हतें."

यमुनाबाईंनी आपला पासपोर्ट पिशवीत टाकला. "झालें. उठा. कॉफी पिऊन घरीं जाऊं."

"तू कां उठतेस? तुज मिळालें आहे, तू जा. पैसे भरले आहेत."

"मज कोठें जायचें होतें? मी पिशवी धरायला येणार होतें. पिशवीच नाहीं तर मी काय धरूं?"

"माझ्यासाठीं पाहून ये."

"तुमचें जेवण मी जेवूं शकतें कां? मग तुमचें पाहणें मी कसें पाहूं?"

दोघींत तिथंच जुंपली. आवाज कुणाचाच चढला नाही, पण एवढं भांडण मी त्या घरात पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. अंबुबाईंचं म्हणणं, माझ्यामुळं तुझं फुकट जायला नको. यमुनाबाई एकच वाक्य धरून बसल्या, मज पाहायचें नाहीं. शेवटी अंबुबाई रागानं उठून खाली उतरल्या. यमुनाबाई जिन्यापाशी थांबून मला म्हणाल्या, "मी ह्या घरांत आलें तेव्हां सोळाची होतें. सासू कडक. मज रडूं आलें कीं ह्या मज मळ्यांत घेऊन जात, वेल दाखवीत. माझे दोन्ही मुलगे ह्यांच्याच अंगाखांद्यावर वाढले. आणि ह्यांना मूल नाहीं म्हणून कोणी लिहितें. मी त्या गांवीं जाऊन काय करूं?"

ती सहल गेली. यमुनाबाईंचा व्हिसा पासपोर्टात तसाच राहिला आणि त्याची मुदत संपली.

व्हिसा नाकारला की दाद मागता येते किंवा नव्यानं अर्ज करता येतो. मी अंबुबाईंना पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा म्हणून सुचवलं. त्या नुसतं पाहूं म्हणाल्या. पोंगलच्या सुमाराला मी आपण होऊन त्यांच्या गावी गेले. आमच्या धंद्यात घरी जायची पद्धत नाही, लोक आपल्याकडे येतात. पण मला चैन पडत नव्हतं.

पानमळा मी आत शिरून पहिल्यांदाच बघितला. हदग्याच्या बारीक खोडांवर चढवलेले वेल, दोन ओळींमध्ये पाण्याचे पाट, आणि आत गेल्यावर बाहेरचं ऊन एकदम विसरून जावं असा गारवा. अंबुबाई पाटात उतरून पाणी उडवत होत्या. बायका पानं खुडून त्यांच्या कवळ्या, म्हणजे जुड्या, रचत होत्या. मी म्हटलं, "अक्का, तुम्हीं नसलात तर ह्याचें काय होतें?"

"थोडे दिवस ह्या बायका पाहतील. फार दिवस नाहीं पाहणार. वेल सुकला कीं पुन्हा लावून पान हातीं यायला फार दिवस जातात."

"हें आपण लिहूं."

"कागदांत हें कसें घालशील?"

खरंच कसं घालायचं ते मला कळत नव्हतं. आमच्याकडे पत्राचा एक साचा असतो. अमुक माझी मालमत्ता, अमुक माझी जबाबदारी, म्हणून मी नक्की परत येईन. त्या साच्यात मी हजारो माणसं बसवली. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, आपण माणसांना परत यायची कारणं विचारत आलो, ती देखील त्या अधिकाऱ्याला पटतील तेवढीच. घर, नोकरी, मूल. ज्याची कारणं तिन्हींत बसली नाहीत त्याला आपण दारातूनच सांगत आलो, तुमचं कठीण आहे.

मी साधंच पत्र लिहिलं. पानमळा कसा असतो, त्याला रोज कोण लागतं, या बाईंनी तो किती वर्षं सांभाळला आहे. पान विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याचं आणि गावच्या सोसायटीचं पत्र जोडलं. दोघींचे अर्ज पुन्हा गेले.

या वेळी चेन्नईहून बोलावणं आलं. दोघींनी प्रत्यक्ष मुलाखतीला यावं. मी धास्तावले. गेल्या वर्षी मिळालेला व्हिसा न वापरणं हेही संशयाचं असतं, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. आम्ही तिघी रेल्वेनं गेलो. मला आत सोडलं नाही, मी रस्त्यापलीकडे एका उपाहारगृहात बसून राहिले. आत काय झालं ते परतीच्या गाडीत दोघींनी सांगितलं, आणि दोघींनी थोडं वेगवेगळं सांगितलं.

अधिकारी त्या देशातली एक तरुण बाई होती, शेजारी तमिळ सांगणारा माणूस. आधी यमुनाबाईंना विचारलं, तुम्हाला व्हिसा दिला होता, तुम्ही का गेला नाहीत?

"अक्काला दिला नाहींत म्हणून," यमुनाबाई म्हणाल्या.

"तुम्हाला स्वतःला तो सूर्य बघायचा नव्हता?"

"मज कशाला? मज उन्हाचा त्रास होतो."

मग अंबुबाईंची पाळी. सहलीचं विचारलं, पैशाचं विचारलं, ते सगळं त्यांनी नीट सांगितलं. शेवटी तिनं विचारलं, घरी तुमची वाट बघणारं कोण आहे?

अंबुबाई मला म्हणाल्या, "मी विचार केला, सरोजा. खोटें कशाला बोलूं? मी म्हटलें, घरीं कोणी नाहीं. वाट पाहणारी आहे ती माझ्याबरोबर येते आहे."

हे ऐकून मी गाडीत डोक्याला हात लावला. याहून वाईट उत्तर मला सुचलं नसतं.

"मग मी बोललें," यमुनाबाई म्हणाल्या. "मज विचारलें नव्हतें, तरी बोललें. म्हटलें, मी परत येणार, माझीं नातवंडें आहेत. मी निघालें कीं ह्या निघणार. मज एकटीला गाडींत बसवून ह्या मागें राहिल्या असें कधीं झालेलें नाहीं. दोघींना द्या, नाहीं तर दोघींना नको."

"ती बाई हसली," अंबुबाई म्हणाल्या.

"नाहीं हसली. लिहीत होती."

"लिहितांना हसली. तू पाहिलें नाहींस."

यावर दोघींचं आजतागायत एकमत नाही.

पाकिटं आली. मी उघडली नाहीत, त्यांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर उघडली. दोघींना व्हिसा मिळाला होता. अंबुबाईंच्या पाकिटात आणखी एक चिठ्ठी होती. सहलीहून आल्यावर त्यांनी चेन्नईच्या कार्यालयात स्वतः हजर व्हावं आणि पासपोर्ट दाखवावा. अशी अट कधी कधी घालतात. यमुनाबाईंना घातली नव्हती.

यमुनाबाई संतापल्या. "चोर आहेत कां ह्या, हजेरी द्यायला?"

अंबुबाईंनी व्हिसावर चिकटलेला आपला फोटो बोटानं चाचपून बघितला. "असूं दे," त्या म्हणाल्या. "त्यांना शंका आहे, मी येऊन सांगतें. आलें म्हणून सांगतें."

दोघी गेल्या. लोकरीचे स्वेटर यमुनाबाईंच्या चेन्नईच्या मुलानं घेऊन दिले, पायात मोजे घालायची सवय व्हावी म्हणून यमुनाबाई आठवडाभर घरात मोजे घालून हिंडत होत्या. तिकडून एकदा फोन आला. यमुनाबाई म्हणाल्या, ऊन आहे पण थंड आहे, भात मिळतो पण तो भात नव्हे. अंबुबाईंना द्या म्हटलं, तर म्हणाल्या, त्या बाहेर बसल्या आहेत, आत येत नाहीत.

त्या परत आल्यावर मी भेटायला गेले. अंबुबाई मळ्यातच होत्या. त्या नसताना एका बाजूचे वेल जरा कोमेजले होते, त्यांना पाणी चाललं होतं. मी विचारलं, "अक्का, दिसला कां सूर्य?"

"दिसला."

"मग सांगा."

"आधीं तेथें जाऊन सांगायचें आहे. त्यांनीं बोलावलें आहे. मग तुज सांगतें."

त्या चिठ्ठीचा त्यांनी असा अर्थ घेतला होता. आपल्याला बोलावलंय, म्हणजे आपण काय बघितलं ते तिथल्या लोकांना ऐकायचं असणार. मी समजावून सांगायला हवं होतं की तसं नसतं, ते नुसते शिक्के बघतात. त्याऐवजी मी चेन्नईची तीन तिकिटं काढली.

पुन्हा आम्ही तिघी चेन्नईला निघालो. अंबुबाईंनी रेशमी लुगडं नेसलं होतं. गाडीत त्या खिडकीशी बसून ओठांतल्या ओठांत काही जुळवत होत्या. यमुनाबाई म्हणाल्या, "तमिळमध्ये कसें सांगायचें त्याचा विचार चालला आहे. काल मजही म्हणून दाखवलें नाहीं."

या वेळी मला बरोबर आत जाऊ दिलं. मुलाखतीची ती तरुण बाई कुठं दिसली नाही. काउंटरवर एक गृहस्थ होता. त्यानं अंबुबाईंचा पासपोर्ट घेतला, पानं उलटली, जातानाचा आणि येतानाचा शिक्का बघितला, त्या पानाची प्रत काढून घेतली आणि पासपोर्ट काचेखालून परत सरकवला.

"झालं, अम्मा," तो तमिळमध्ये म्हणाला.

अंबुबाई तशाच उभ्या राहिल्या. "काही विचारायचं नाही?"

"नाही. शिक्के बघितले. तुम्ही जाऊ शकता."

तो उद्धट नव्हता. त्यानं मान लववली देखील. मग पुढच्या माणसाचा क्रमांक पुकारला गेला आणि आम्ही बाजूला झालो.

बाहेर फाटकापाशी अर्ज द्यायला आलेल्या लोकांची रांग होती. चेन्नईचं दुपारचं ऊन होतं, लोक फायली डोक्यावर धरून उभे होते. अंबुबाई पुढं चालत होत्या. यमुनाबाईंनी त्यांच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.

रांगेत एक नवं जोडपं होतं. मुलीच्या मंगळसूत्राचा ताली-धागा अजून हळदीनं पिवळा होता. आम्ही आतून येताना बघून तिनं घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "पाट्टी, आत काय काय विचारतात?"

अंबुबाई थांबल्या. "जाताना पुष्कळ विचारतात," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "आल्यावर कुणी विचारत नाही."

मुलीनं नवऱ्याकडे बघितलं.

"तू विचार," अंबुबाई तिला म्हणाल्या. "मी काय बघून आले ते विचार. मी सांगते."

"काय बघून आलात, पाट्टी?"

अंबुबाईंनी लुगड्याचा पदर नीट केला. शाळेत पुढं बोलावल्यावर मुलं उभी राहतात तशा उभ्या राहिल्या. "तिथं समुद्राजवळ एक खांब होता," त्या म्हणाल्या. "बाकीचे सगळे निजायला गेले, मी त्या खांबाशी बसून राहिले. आपल्याकडे सावली सकाळी एका बाजूला पडते, संध्याकाळी दुसऱ्या बाजूला, आणि मग संपते. तिथं संपत नाही. सूर्य पाण्यापर्यंत खाली आला, मला वाटलं आता बुडेल. नाही बुडाला. पाण्याच्या कडेकडेनं आडवा चालत गेला. आणि त्या खांबाची सावली हळूहळू सगळीकडून फिरून, पूर्ण एक फेरी घेऊन आली. मी उठले नाही. फेरी पुरी होईपर्यंत बघत बसले."

रांग पुढं सरकली. त्या दोघांच्या मागं उभ्या असलेल्यांनी त्यांना पुढं व्हा म्हटलं नाही. तेही ऐकत होते.